इटलीतल्या कमी माहितीच्या वाइन आणि त्या करणारी शेतकरी कुटुंबं कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन आठवडे उत्तर इटलीत फिरणार आहात, कियान्ती आणि बारोलो कुठल्याही दुकानात मिळतात, मग त्यापलीकडची वाइन थेट ती करणाऱ्या कुटुंबाकडून कशी घ्यायची?

मी सांगेन की उत्तमोत्तम वाइनच्या याद्या बाजूला ठेवा. द्राक्षाचं एक वाण धरा आणि ते जिथं पिकतं तो एक तालुका धरा. कियान्तीचं सांजोवेझे हे द्राक्ष आपल्याकडे अकलूजला फ्रातेली या वाइन कंपनीच्या मळ्यातही पिकतं. पण इटलीतली कितीतरी वाणं पाच-दहा गावांच्या बाहेर जातच नाहीत, आणि अशा वाणामागे बहुतेक वेळा एखाददुसरं कुटुंबच उभं असतं.

तुमच्या वाटेवरचं उदाहरण घेतो, तिमोरास्सोचं. हे पांढरं द्राक्ष वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांताच्या आग्नेय टोकाला, तोर्तोनाच्या टेकड्यांवर पिकतं. मिलानहून तोर्तोनाला रेल्वेनं साधारण तासभर लागतो. फिलॉक्सेरा किडीनं जुन्या वेली गेल्यावर शेतकऱ्यांनी तिथं कोर्तेझे हे भरपूर पीक देणारं वाण लावलं, कारण तिमोरास्सो फार त्रास देतं. घडात मणी एकसारखे धरत नाहीत, पिकत आले की गळतात, ओल राहिली की कुजतात. १९८०च्या दशकात मोन्लेआले गावच्या वाल्तेर मास्सा यांनी उरलेल्या वेलींपासून वेगळी वाइन करायला सुरुवात केली. इतरांनी हळूहळू त्यांचंच पाहून लागवड केली. आज ही वाइन देर्थोना या नावानंही विकतात. ते तोर्तोनाचं रोमनकालीन नाव. ताजी असताना ती आंबट आणि बंद-बंद लागते, म्हणून पहिल्या घोटात बरेच जण निराश होतात. चार-पाच वर्षांची बाटली मागा. मधासारखा वास, ओल्या दगडाची आठवण देणारी चव आणि मागे किंचित रॉकेलसारखा दर्प येतो. तो दर्प दोष नाही, मुरल्याची खूण आहे.

आता बाटली हातात घेतल्यावर काय बघायचं. पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘इम्बोत्तिल्यातो आल्लोरिजिने’ म्हणजे जिथं द्राक्षं पिकली आणि वाइन झाली तिथंच बाटली भरली. एवढ्यावर थांबू नका, कारण सहकारी संस्थाही हे छापू शकते. त्याच्या जोडीला ‘आझिएन्दा आग्रिकोला’, ‘पोदेरे’, ‘काशिना’ किंवा ‘वितिकोल्तोरे’ यांपैकी एखादा शब्द हवा. युरोपीय नियमाप्रमाणे हे शब्द स्वतःच्याच मळ्यातल्या द्राक्षांपासून स्वतःकडेच केलेल्या वाइनलाच लावता येतात. ‘कान्तिना’ किंवा ‘काझा विनिकोला’ या शब्दांना तसं बंधन नाही, तिथं द्राक्षं विकत घेतलेली असू शकतात. बाटली भरणाऱ्याच्या नावाऐवजी नुसता अक्षर-आकड्यांचा कोड असेल तर बहुतेकदा ती वाइन दुसऱ्या कुणीतरी भरून दिलेली असते. बुचावरच्या टोपणावर डोक्यावर टोपली घेतलेला माणूस दिसला तर उत्तम. ते फिवी या २००८ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र द्राक्ष-वाइन उत्पादकांच्या संघटनेचं चिन्ह आहे, आणि दुकानात उभ्या-उभ्या ओळखता येणारी याहून सोपी खूण नाही. बाटलीच्या मानेवरची डीओसीजीची (इटलीतल्या वाइनच्या सर्वांत वरच्या अधिकृत दर्जाची) क्रमांक असलेली पट्टी मात्र कुटुंबाबद्दल काहीच सांगत नाही.

नावांचे चकवे बरेच आहेत. लाक्रिमा दि मोरो दाल्बा ही पिएमोन्तेच्या आल्बाची नव्हे, तिकडे पूर्व किनाऱ्यावरच्या मार्के प्रांतातली. विनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो ही गावाच्या नावाची वाइन, द्राक्ष सांजोवेझे. मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सोमध्ये मात्र मोन्तेपुल्चानो हे द्राक्षच असतं. आणि पेकोरीनो मागितल्यावर चीज समोर आलं तर ‘विनो’ म्हणायला विसरलात.

पूर्वेला फ्रिउलीपर्यंत जाणार असाल तर स्किओपेत्तीनो चुकवू नका. काळ्या मिरीचा वास येणारी ही लाल वाइन जवळजवळ संपली होती, आणि अधिकृत यादीत नसल्यामुळे तिची लागवडही नियमाबाहेर होती. प्रेपोत्तोजवळच्या चाल्लामध्ये रापुत्सी कुटुंबानं १९७०पासून इकडच्या-तिकडच्या वेली गोळा करून ती पुन्हा लावली. त्यांचा मळा, रोन्की दि चाल्ला, आजही कुटुंबाकडेच आहे.

भेटीचं म्हणाल तर न कळवता जाऊ नका. ज्या घरी तुम्ही जाता तिथं ट्रॅक्टर चालवणारा, बाटल्या भरणारा आणि तुम्हाला वाइन ओतून देणारा माणूस एकच असू शकतो. दोन-तीन आठवडे आधी चार ओळींचा ईमेल पाठवा: तारीख, वेळ, किती जण, कोणत्या वाणात रस आहे. सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर द्राक्षतोडणी असते, तेव्हा नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. दुपारी साडेबारा ते अडीच जेवणाची वेळ, रविवारी बऱ्याच ठिकाणी बंद. दिवसाला दोनच मळे ठेवा. गावांकडे जायला गाडी लागते आणि इटलीत चालकाच्या रक्तात लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंतच मद्यार्क चालतो. लायसन्स तीन वर्षांहून नवं असेल तर शून्य. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं तिथं अजिबात वावगं नाही. चव घेण्याचे पैसे आधी विचारा, आणि मनापासून आवडली तर एक-दोन बाटल्या घ्या.

भारतात येताना माणशी २ लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतली की २.२५ लिटर होतात आणि तुम्ही मर्यादेबाहेर जाता. बाटल्या जाड कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको.

घरी काय वाढताय तेही बघा. उंब्रियाचं साग्रान्तीनो फार तुरट आणि कडक असतं, झणझणीत रश्श्यासोबत तिखट आणखी चढतं. त्यापेक्षा सिसिलीचं हलकं फ्रापातो, १४ अंशांपर्यंत गार करून, चांगलं जमतं. तिमोरास्सो मात्र बर्फासारखी गार करू नका, वास मरतो. १२ अंशांच्या आसपास ठीक. उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली दोन महिन्यांत शिजते. वाइनचं वेगळं कपाट नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि ओतण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा.