ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस म्हणजे इंटरनेटवरच्या फुकट पीडीएफच ना? पुण्यात कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले आहे, वर्गात वापरावेत का?

वापरा, नक्की वापरा. पण फुकट आणि मुक्त यांत फरक आहे, तो आधी समजून घ्या: फुकट म्हणजे पैसे न देता पाहता येतं, मुक्त (ओपन) म्हणजे ते बदलायची आणि वाटायची परवानगीही असते. मला तो तीन महिन्यांची मेहनत वाया गेल्यावर कळला.

मीही पुण्यातच शिकवते, बीएस्सीला संख्याशास्त्र. जुन्नर, भोर, बार्शीहून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली बरीच मुलं माझ्या वर्गात असतात. मध्यक, बहुलक त्यांनी शाळेतच केलेलं असतं. तरी इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद समोर आला की हात थांबतो. गणित अडत नाही, वाक्य अडतं. म्हणून एका संस्थेची व्याख्यानं, कुणालाही मोफत पाहता येतील अशी, मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसून मराठीत उतरवली. वाटण्याआधी परवानगी मागितली, तर उत्तर आलं की पाहायला हरकत नाही, भाषांतर करून वाटू नका. त्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत.

तेव्हापासून मी मजकुराआधी परवाना वाचते. 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव २००२ साली युनेस्कोच्या बैठकीत ठरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) परवाने आले, म्हणजे आपलं लेखन इतरांनी कसं वापरावं हे लेखकाने आधीच सांगून ठेवायचे तयार परवाने. त्यातला 'सीसी बाय' सर्वांत मोकळा: मूळ लेखकाचं नाव, परवान्याचा दुवा आणि आपण काय बदललं ते लिहा, मग हवं ते करा. 'एसए' असेल तर तुमचं रूपांतरही त्याच परवान्याने द्यावं लागतं. 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको. आणि 'एनडी' दिसलं की थांबा, कारण भाषांतर हाही बदलच धरला जातो. केलेलं भाषांतर वाटता येत नाही. यूट्यूबवर दिसतंय एवढ्यावरून यातलं काहीच गृहीत धरू नका.

पुढच्या वर्षी मी ओपनस्टॅक्सचं संख्याशास्त्राचं पुस्तक घेतलं. ओपनस्टॅक्स हा अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा प्रकल्प आहे. मी घेतलेली २०१३ची आवृत्ती 'सीसी बाय' होती. एकच प्रकरण निवडलं. डॉलर आणि इंच काढले, मार्केट यार्डातले कांद्याचे रोजचे भाव घातले. दोन दिवस भाव भडकला की सरासरी वर ओढली जाते आणि मध्यक जवळपास जागेवरच राहतो, हे मुलांनी स्वतः आकडे मांडून पाहिलं. प्रतीक्षाकाळाच्या गणितासाठी त्यांनी स्वारगेटला उभं राहून बसच्या वेळा टिपल्या. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी येऊन बोलत होता. पुस्तक फुकट होतं म्हणून हे घडलं नाही, ते बदलायची मुभा होती म्हणून घडलं.

आपल्याकडेही बरंच आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहा: सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, त्यातले अनेक मराठीत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडतं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरून घेता येतात. पण त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) तुमच्या कॉलेजात धरले जातील का, हे मुलांनी नाव नोंदवण्याआधी परीक्षा विभागाला विचारून घ्या.

पूर्ण पुस्तक हाती घेऊ नका. मुलं दरवर्षी जिथे अडतात ते एक प्रकरण घ्या. मराठी संज्ञा स्वतः पाडू नका, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा आणि कंसात इंग्रजी शब्द ठेवाच, कारण पेपर त्यांना इंग्रजीतच लिहायचा आहे. छापील प्रतही काढा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मोबाइलवर वाचून गणित सोडवता येत नाही, झेरॉक्स लागते.

माझं प्रकरण मी 'सीसी बाय'नेच खुलं ठेवलं आहे. तुमचा विषय संख्याशास्त्र असेल तर खाली लिहा, पाठवते. कांद्याचे भाव काढून तुमच्या मुलांना जवळचं वाटेल ते त्यात घाला.