जुन्या मल्टिमीटरमधली एलसीडीची नुसती काच आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडायची आहे. थेट ५ व्होल्ट दिले तर सेगमेंट (आकड्यांच्या रेघा) दिसतात, पण हळूहळू पुसट होतात. काय चुकतंय?

तुम्ही डीसी देताय, हे चुकतंय. आधी ती वायर काढा, मग पुढचं वाचा.

या काचेला एसी लागतो. सेगमेंट आणि बॅकप्लेन (सेगमेंटच्या समोरचा, मागच्या बाजूचा सामाईक इलेक्ट्रोड) यांच्यात डीसी टिकून राहिला की आत इलेक्ट्रॉलिसिस सुरू होतं आणि काच कायमची बाद होते. माझी पहिली काच मी अशीच घालवली: ९ व्होल्टची बॅटरी लावून रात्रभर ‘टेस्टिंग’ला ठेवली होती!

साडेतीन अंकी मीटरची काच बहुतेक वेळा स्टॅटिक असते, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच बॅकप्लेन. तो शोधायला दुसरा, चालू मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा, एक प्रोब कोपऱ्यातल्या पॅडवर आणि दुसरा बाकीच्यांवर एकेक क्षण टेकवत जा. प्रत्येक वेळी एकच सेगमेंट ठळक उमटला तर बॅकप्लेन सापडला. दोन सेगमेंट एकदम पुसटसे दिसले तर दोन्ही प्रोब सेगमेंटवरच आहेत.

आता ड्राइव्ह. बॅकप्लेनवर चौकोनी लहर सोडा. ज्या सेगमेंटवर तीच लहर, तो बंद. ज्यावर उलटी, तो चालू. सेगमेंट २५-३० असतील तर ७४एचसी५९५ (८ आउटपुटची शिफ्ट रजिस्टर चिप) चार लावा, ३२ आउटपुट मिळतात. बॅकप्लेनही त्यातल्याच एका आउटपुटवर घ्या, म्हणजे लॅचच्या (पाठवलेले बिट एकदम आउटपुटवर आणणाऱ्या पिनच्या) एका पल्सला सगळं एकदम बदलतं. दर ८ मिलिसेकंदांनी सगळे ३२ बिट उलटे करून पाठवायचे, की सुमारे ६२ हर्ट्झ झाले. हे काम टायमर इंटरप्टमध्येच (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमध्येच) टाका. मुख्य लूपमध्ये टाकलंत आणि कुठे डिले आला, तर तेवढा वेळ पुन्हा डीसी. न वापरलेले सेगमेंट मोकळे सोडू नका, बॅकप्लेनला जोडा.

काचेवर सोल्डरिंग होत नाही. जुना पीसीबी आणि झेब्रा स्ट्रिप (काच पीसीबीला जोडणारी रबरी पट्टी) तशीच राहू द्या. चिपकडे जाणारे ट्रॅक ब्लेडने कापा आणि काचेकडच्या तुकड्यांवर बारीक वायर सोल्डर करा. कंटाळवाणं काम आहे, पण याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

कॅलक्युलेटरची काच असेल तर हे चालणार नाही, तिला तीन-चार कॉमन (म्हणजे बॅकप्लेन) असतात. त्यासाठी एचटी१६२१ ही एलसीडी ड्रायव्हर चिप घ्या.

आणि मागे एलईडी लावायच्या फंदात पडू नका. मागची चंदेरी फिल्म समोरून आलेला उजेड परत पाठवते, मागून फारसं काही येऊ देत नाही. रात्री वाचायचं असेल तर दिवा समोरून किंवा बाजूनेच लावावा लागेल.