सांधे ठीक आहेत, मग मी अशी का?

"मॅडम, बोटांची सूज उतरली, डॉक्टर म्हणतात आजार कंट्रोलमधे आहे, मग मी अशी का? दिवसभर अंगात त्राण नसतं. हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का?"

हा प्रश्न मला संधिवाताचे पेशंट सारखे विचारतात. बायकाच जास्त, कारण हा आजारच बायकांना पुरुषांपेक्षा २ ते ३ पट जास्त होतो. आणि संधिवात म्हणजे वयाने गुडघे झिजतात तो नाही हं, रुमेटॉइड, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. नावातच सांधे आहेत म्हणून सगळे तिकडेच बघतात, डॉक्टर बोटं दाबून बघतात, घरचे चाल बघतात, आणि पेशंट पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतो. उरलेलं सगळं मग माझ्यापर्यंत येतं, ते पण बऱ्याचदा भलत्याच नावाने.

एका ताईंचंच सांगते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहायला त्यांनी हो म्हटलंय.) चाळिशी नुकतीच ओलांडलेली, आजाराला सहा वर्षं झालेली. त्यांना घेऊन आला नवरा, आणि पहिली दहा मिनिटं बोलला पण तोच. ही पूर्वीसारखी राहिली नाही, संध्याकाळी सातलाच आडवी होते, काही विचारलं तर तुटक उत्तर, कुठे जायचं म्हटलं की नको. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, मॅडम हिचे वडील गेले तेव्हाही हिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, माणूस इतकं कोरडं कसं होतं?

ताई मांडीवर पाण्याची बाटली धरून बसलेल्या. मी काही विचारलं की आधी एक घोट, मग उत्तर. परत विचारलं, परत घोट. झाकण त्या बोटांनी नाही तर दोन्ही तळव्यांत धरून फिरवत होत्या हे माझ्या लक्षात आलं, पण त्या घोटांचा अर्थ मी माझा मीच लावून मोकळी झाले, की बाई घाबरलीये, उत्तर द्यायला वेळ काढतीये. वहीत लिहिलं, "अस्वस्थ. भावना दाबून ठेवते. वडिलांचं दुःख बाहेर आलेलं नाही." ते पान मी मुद्दाम ठेवलंय, अधूनमधून स्वतःला चिमटा काढायला.

दुसऱ्या वेळी त्या एकट्या आल्या. बसता बसता म्हणाल्या, पंखा जरा बंद करता का, वारं लागलं की डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. म्हटलं ताई, तुम्हाला रडू येतं का?

"येतं की. आतून सगळं भरून येतं, घसा दाटतो, पण पाणीच येत नाही हो. डोळ्यांची नुसती आग आग होते. वडिलांच्या वेळी तर मी बाथरूममधे जाऊन तोंडावर पाणी मारून आले, म्हटलं निदान लोकांना काही दिसू दे."

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, पण दीर्घ आजाराच्या लोकांसमोर वर्षानुवर्षं बसलं की काही गोष्टी कळायला लागतात, फक्त त्या वेळेवर आठवायला पाहिजेत. हेन्रिक शोग्रेन नावाचा स्वीडनमधला डोळ्यांचा डॉक्टर होता, त्याने १९३३ सालीच अशा बायकांबद्दल लिहून ठेवलंय ज्यांचे डोळे आणि तोंड कोरडं पडायचं आणि त्यातल्या बऱ्याच जणींना संधिवातही होता. जी प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरही उठू शकते. मग डोळे खुपतात, कोरडा घास गिळताना पाणी लागतं, रात्री उशाशी तांब्या लागतो, आणि लाळ कमी म्हणून दात भराभर किडतात. ताईंच्या एका वर्षात तीन दाढा किडल्या होत्या आणि दातांच्या डॉक्टरकडे त्यांना गोड कमी खा म्हणून बोलणी बसली होती. त्या गोड खातच नव्हत्या! डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ५ मिनिटं अडकवून ती किती ओली होते ते मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत म्हणजे अश्रू खूपच कमी. ताईंची पट्टी २ मिलिमीटर ओली झाली.

पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत बोलावलं. त्याने तो रिपोर्ट हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग मलाच विचारतो, "म्हणजे ती रडत होती?"

मी त्यांना एकच काम दिलं होतं. घरी कागद घ्यायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत सांधे सोडून जे जे होतंय ते लिहायचं, मूर्खासारखं वाटलं तरी लिहायचं, ह्याचा आजाराशी संबंध आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. अशी यादी करताना लोक स्वतःच निम्मं गाळतात, "हे वयामुळे असेल, हे तर पहिल्यापासूनच आहे" म्हणून. ताईंनी कागद दोन्ही बाजूंनी भरून आणला.

सगळ्यात वर अर्थातच थकवा. हा थकवा म्हणजे काम करून दमतो तसला नव्हे, सकाळी उठतानाच अंग शिशाचं झालेलं असतं. ताप येतो तेव्हा अंग कसं जड पडतं, तसंच काहीसं, कारण आजारामुळे शरीरात आतून चाललेला दाह जी रसायनं तयार करतो ती मेंदूपर्यंत जाऊन पोचतात. त्यातून मग नाव आठवत नाही, गॅसवर काय ठेवलं ते विसरतं, आणि घरचे म्हणतात लक्ष नाही. वर ताईंचं हिमोग्लोबिन कमी. त्या तीन महिने लोहाच्या गोळ्या घेत होत्या आणि आकडा हलत नव्हता, कारण अशा दीर्घ आजारात लोह शरीरात असतं पण रक्त बनवायला मोकळं मिळतच नाही, कुलूप लावलेल्या कपाटासारखं. तिथे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, मूळ आजार आटोक्यात आणावा लागतो. सूज उतरल्यावरही थकवा मागे रेंगाळतो हेही खरंय, आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की माणूस स्वतःलाच आळशी ठरवून बसतो.

मग मनाचं काय? तेही होतंच. ह्या आजारात डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, आणि त्याचं कारण फक्त "दुखतं म्हणून उदास" एवढंच नाही, तो दाह मूडवरही चालून येतो. म्हणून "शरीराचं की मनाचं" हा प्रश्नच मला पटत नाही. ताईंना दोन्ही होतं, डोळ्यांना थेंब लागत होते आणि वडिलांबद्दल बोलायला माणूस लागत होतं. त्यासाठी आम्ही पुढचे चार महिने भेटलो, पण ती वेगळी गोष्ट आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरात होतं, "जिना चढताना दम. कोरडा खोकला, पाचेक महिने." मी विचारलं हे डॉक्टरना सांगितलं? तर म्हणाल्या, "ते सांध्यांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना खोकल्याचं काय सांगायचं?" हेच, अगदी हेच मला ह्या लेखातून सांगायचंय! हा आजार फुप्फुसांतही जातो, तिथे जाळीसारखे व्रण धरू शकतो किंवा फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठू शकतं, आणि मेथोट्रेक्सेट ही ह्या आजारातली नेहमीची गोळी क्वचित फुप्फुसाला सूज आणते. म्हणजे खोकल्याची बातमी सगळ्यात आधी कुणाला हवी तर त्याच डॉक्टरना. तीन महिन्यांनंतरची अपॉइंटमेंट होती, मी म्हटलं थांबू नका, आजच फोन करा, आणि गोळीचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका. छातीचा स्कॅन झाला, दोन्ही बाजूंना तळाशी त्या व्रणांची थोडी सुरुवात निघाली. औषधं बदलली. श्वासाची तपासणी आता ठरावीक दिवसांनी होते आणि आकडे टिकून आहेत.

बाकी यादीत कोपराजवळची घट्ट गाठ होती, ती त्यांना चरबीची वाटत होती, ती ह्याच आजाराची निघाली (सिगरेट ओढणाऱ्यांमधे अशा गाठी जास्त होतात, आणि फुप्फुसाचा त्रासही). रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची आणि हात झटकला की बरं वाटायचं, ते मनगटातल्या सुजेने नस दाबली जाते म्हणून. सकाळी आवाज घोगरा, तर स्वरयंत्रातही बारीकसे सांधे असतात हे मलाही तेव्हाच कळलं.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नका, हे सगळं सगळ्यांना होत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्यात यादी बिदी करत बसायचं नाही. डोळा लालभडक होऊन खोलवर ठणकतोय, उजेड सहन होत नाही, दुखून रात्री जाग येतीये, तर घरातले जुने थेंब घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नजर जाऊ शकते. मान वाकवली की करंट लागल्यासारखं होतं, हातपाय लुळे वाटतात, तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांकडे बघायला लागतं, आणि कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी छोटं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरना संधिवात आहे हे आधी सांगायचं. नखांच्या कडेला काळे ठिपके, पायाची न भरणारी जखम, अचानक पाऊल उचलता न येणं, हे रक्तवाहिन्यांच्या सुजेचं असू शकतं. छातीत दुखलं तर "गॅस असेल" म्हणून झोपू नका, ह्या आजारात हार्ट अटॅकचा धोका साधारण दीडपट असतो. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

अजून एक लोक हमखास विचारतात, की आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) निगेटिव्ह आलाय, मग हे सगळं मला लागू नाही ना? तसं नसतं. तो निगेटिव्ह असूनही आजार असणारे कितीतरी जण असतात, रिपोर्टचा अर्थ डॉक्टरकडूनच लावून घ्या.

नवऱ्याने शेवटी विचारलं होतं, मी नक्की करू काय? तो मोठं काहीतरी ऐकायच्या तयारीत होता. मी म्हटलं, बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेवत जा. तेवढं तो करतो. आणि त्या कागदाची आता वही झालीये, ती फ्रिजवर असते, जो आधी बघेल त्याने लिहायचं. परवा ताईंनी तिचा फोटो पाठवला. शेवटची ओळ नवऱ्याच्या अक्षरात होती: "मंगळवारपासून डावा डोळा लाल. म्हणते काही नाही. नंबर लावलाय, चारला."