मस्टर आता लिहायला बसू नका

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, स्टाफ बाराजणांचा. एक टेक्निशियन जून 2018 मध्ये लागला. जुलै 2020 मध्ये न सांगता गावी गेला, मार्च 2021 मध्ये परतला आणि ऑगस्ट 2024 मध्ये राजीनामा दिला. पगार 18,000, पगारपत्रक नाही. आता सहा वर्षांच्या ग्रॅच्युइटीची नोटीस आली आहे. माझ्या मते या दोन वेगळ्या नोकऱ्या, ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं एकीचीही भरत नाहीत. मस्टर ठेवलेलं नाही. आता तयार केलं तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेलं मस्टर उलटतपासणीत उघडं पडतं. शिवाय खोटा पुरावा तयार केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी अडचण वेगळीच आहे. त्यानं राजीनामा दिला तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम 2अ नुसार न सांगता केलेली गैरहजेरी आपोआप सेवाखंड ठरत नाही. सेवाखंड मानल्याचा आदेश नियमानुसार काढलेला लागतो. त्या आठ महिन्यांत 'हजर व्हा' असं एक तरी पत्र धाडलंत? परतल्यावर नवं नेमणूकपत्र दिलंत? की नेहमीसारखं 'ये उद्यापासून'? तसं असेल तर सेवा सलग धरली जाण्याची तयारी ठेवा. मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवणारा कागद नसल्यानं हिशेब पूर्ण पगारावरच होईल. दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून : 18,000 × 15 ÷ 26 × 6, म्हणजे सुमारे 62,300 रुपये. वर उशिराचं व्याज.

लॅबमध्ये हजेरीचा पुरावा असतो, फक्त त्याला कुणी मस्टर म्हणत नाही. रोजच्या क्वालिटी कंट्रोलच्या चार्टवर टेक्निशियनची सही असते, फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यावर आद्याक्षरं, सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनची वेळ. हे कागद भांडणासाठी लिहिलेले नसतात, म्हणून त्यांना वजन जास्त. मात्र ते त्याच्या बाजूनंही बोलतील. दडवलेत तर ते तुमच्या विरोधात जाणारे होते, असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. गठ्ठे रद्दीत घालू नका.

2020 मध्ये त्यानं 'काम सोडतो' असा व्हॉट्सॲप मेसेज केला असेल, तर मात्र तुमच्या म्हणण्यात दम आहे. तो मोबाइल बदलू नका, विकू नका. मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं लागेल. तसा मेसेज नसेल, तर नोटिशीला उत्तर देतानाच तडजोडीची रक्कम मांडा.