जंगल टिकवण्यासाठी ते मुद्दाम पेटवतात हे खरं का? मग त्यातल्या प्राण्यांचं काय होतं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाइनच्या जंगलांना तिथले संशोधक आणि वनखातं दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच आग लावतात, हे खरं का? त्यात प्राणी, पक्षी, रोपं मरत नाहीत का? आणि हा उपाय इतका गुणकारी असेल तर सगळीकडे का करत नाहीत?

खरं आहे. आणि काही प्राणी मरतातही. ‘कुणालाच काही होत नाही’ असं छातीठोक सांगणारा माणूस जळालेल्या रानात फिरलेला नसतो. पण एका आगीत किती मेले, एवढ्यावरून तिथे काहीच कळत नाही. आधीची आग लागून किती वर्षं झाली आणि आताची आग कुठल्या महिन्यात लागली, यावर जवळपास सगळं ठरतं. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेलगत एका संशोधन गटात मी काही काळ गवतं आणि झुडपं मोजायचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जंगल कुठलं ते सांगतो. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतच्या किनारी मैदानांवर एके काळी सुमारे ९ कोटी एकरांत लाँगलीफ पाइन पसरला होता. लाकूडतोड, राळ काढून टर्पेंटाइन बनवायचा धंदा, शेती आणि शेवटी आग विझवण्याचा अट्टहास, या सगळ्यांत तो ३० लाख एकरांच्या आसपास उरला. अलीकडच्या लागवडीमुळे आकडा पुन्हा थोडा वर चढला आहे. जंगल म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं हे दिसत नाही. झाडं विरळ, ऊन थेट जमिनीवर, खाली गुडघाभर गवत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इथे बरीच तोड झालेली दिसते. पण खाली बसून एक चौरस मीटर जागा आखा आणि मोजा. चांगल्या ठिकाणी तेवढ्यात ४० हून अधिक जातींच्या वनस्पती मिळतात. (ती मोजणी करणाऱ्याची पाठ संध्याकाळी काय म्हणते, हा वेगळा विषय.)

तिथे आग माणसानं आणलेली नाही. फ्लोरिडा आणि आसपासचा भाग विजांसाठी कुप्रसिद्ध आहे. पावसाळा सुरू होता होता, मे-जूनमध्ये, वीज पडायची, कोरडं गवत पेटायचं आणि मधे नदी किंवा दलदल येईपर्यंत आग चालत राहायची. मूळ रहिवासी शिकारीसाठी रान जाळत, नंतर आलेले गुराखी कोवळ्या चाऱ्यासाठी जाळत. दर दोन-चार वर्षांनी जमीन जळणार हे तिथल्या प्रत्येक जिवानं हजारो वर्षं गृहीत धरलेलं आहे.

लाँगलीफचंच पाहा. त्याचं बी जड असतं आणि शरद ऋतूत पडल्यावर लगेच रुजायला बघतं. पण त्याला उघडी माती लागते, पाचोळ्याचा जाड थर चालत नाही. म्हणजे रुजण्याआधीच आग होऊन गेलेली हवी. रुजल्यावर हे झाड काही वर्षं वाढतच नाही, निदान वर तरी नाही. जमिनीलगत हिरव्या सुयांचा झुपका तेवढा दिसतो. अनोळखी माणूस त्याला गवत समजून ओलांडून जातो. इंग्रजीतही त्या वयाला ‘ग्रास स्टेज’च म्हणतात. या काळात सगळी कमाई खाली सोटमुळात साठवली जाते. आग आली की सुया जळतात, पण मधला कोंब त्यांच्या दाट वेढ्यात सुरक्षित राहतो. एवढंच नाही, या रोपांवर सुयांना तपकिरी ठिपके पाडणारा बुरशीचा रोग पडतो. आगीत रोगट सुया जळून जातात आणि रोप मोकळं होतं. मग एखाद्या वर्षी साठवलेल्या बळावर ते सरळ उंच उसळतं, फांद्या न फोडता, म्हणजे शेंडा लवकरात लवकर ज्वाळांच्या वर जावा. मोठं झाल्यावर जाड साल त्याला राखते. आणि त्याच्या लांबलचक, राळेनं भरलेल्या सुया खाली पडून पुढच्या आगीचं सरपण होतात. आग सोसणारी झाडं जगात पुष्कळ आहेत. हे झाड आगीला बोलावतं.

त्याच्या खालचं वायरग्रास त्याहून चोखंदळ. हिवाळ्यात जाळलं तर ते पुन्हा हिरवं होतं, पण फुलोरा फारसा धरत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, विजेच्या हंगामात जाळलं की भरभरून फुलतं. बरीच वर्षं सोयीसाठी फक्त हिवाळ्यातच जाळायची पद्धत होती, त्यामुळे हे गवत जिवंत असूनही बी धरत नव्हतं. आग नियमित होती, फक्त महिना चुकत होता. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात उपयोगी धडा आहे, आणि तो कुणाला टेबलाशी बसून सुचला नसता. वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन ओंब्या मोजाव्या लागल्या.

आता प्राणी. आग जमिनीवर असते, ज्वाळा साधारण गुडघ्या-कमरेपर्यंत, आणि ती सलग भिंतीसारखी येत नाही. ओलसर तुकडे सोडत जाते. माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही, काही सेंटीमीटर खाली तापमान जेमतेम बदलतं. आणि तिथे खाली घरं तयार असतात: गोफर कासवाची बिळं. हे कासव वाळूत सरासरी पाच मीटर लांब आणि दोन मीटर खोल बीळ खणतं, आणि ३५० हून अधिक जातींचे जीव त्या बिळांचा आसरा घेतात. बेडूक, साप, उंदीर, असंख्य कीटक. आग वरून निघून जाते आणि मंडळी थोड्या वेळानं बाहेर येतात. कासवाला स्वतःला तर आगीनंतरचं कोवळं गवत हवंच असतं. रान वाढू दिलं, सावली दाटली, की चारा संपतो आणि ते जागा सोडतं. मग बीळ ढासळतं, आणि त्यावर जगणारे बाकीचेही जातात.

तरी मरतं कोण? बॉक्स टर्टल नावाचं छोटं जंगली कासव, कारण ते पळू शकत नाही आणि बीळही खणत नाही. ज्यांच्या पाठीवर जुन्या भाजल्याच्या खुणा आहेत अशी कासवं सापडतात. डायमंडबॅक रॅटलस्नेक एरवी आगीतून सुटतो, पण कात टाकायच्या आधी त्याचे डोळे धूसर होतात, तेव्हा तो सापडला तर मरतो. जमिनीवरची घरटी जातात. यातले काही पक्षी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालतात. बाकमनची चिमणी तर उलट वागते. जळून तीन-चार वर्षं झालेल्या रानात तिची संख्या झपाट्यानं घसरते, कारण तिला चालायला झुडपांविना मोकळी जमीन लागते. म्हणजे या वर्षी तिचं घरटं जळलं हे नुकसान खरंच, पण पुढची चार वर्षं आग लागलीच नाही तर तिथे घरटं करायला चिमणीच नसते.

हे कळायला खूप उशीर झाला, आणि तो उशीर निव्वळ अज्ञानातून नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनखात्याची ठाम भूमिका होती की आग म्हणजे शत्रू. १९२८ नंतरच्या तीनेक वर्षांत ‘डिक्सी क्रूसेडर्स’ नावाची तरुण मंडळी ट्रकवर चित्रपटाचं यंत्र लादून दक्षिणेतल्या गावोगावी फिरली आणि रान जाळणं बंद करा असा प्रचार केला. नेमक्या त्याच काळात हर्बर्ट स्टॉडर्ड हा अभ्यासक जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवर बॉबव्हाइट या लाव्याच्या जातीच्या पक्ष्याचा अभ्यास करत होता. पैसा शिकारीची शौकीन जमीनदार मंडळी देत होती. लावे का घटले एवढंच त्यांना हवं होतं. स्टॉडर्डनं १९३१ साली छापलेल्या ग्रंथात सांगितलं की आग थांबली म्हणून घटले. औपचारिक शिक्षण जवळपास नसलेल्या माणसाचं हे म्हणणं प्रशिक्षित वनाधिकाऱ्यांना पचणं कठीण होतं. स्थानिक शेतकऱ्यांना मात्र त्यात नवं काहीच वाटलं नसावं.

१९५८ साली फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासीजवळ टॉल टिंबर्स संशोधन केंद्र उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी तिथे छोटे छोटे तुकडे आखून काम सुरू झालं. एक तुकडा दरवर्षी जाळायचा, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा तीन वर्षांनी, असं करत काही तुकडे कधीच जाळायचे नाहीत. ते आजही चालू आहेत. शेजारी शेजारी उभे असलेले दोन तुकडे पाहिले की वाद घालायची गरज उरत नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी जळणारा तुकडा उघडा, गवताळ. कधीच न जळलेल्या तुकड्यात ओक आणि इतर रुंद पानांच्या झाडांची गर्दी, खाली अंधार, गवत नाही, पाइनचं एक रोप नाही. त्याला हात कुणीच लावला नव्हता. तिथे ‘निसर्गाला त्याच्यावर सोडणं’ म्हणजे काय, ते त्या तुकड्यात दिसतं.

मग जिथे पन्नास-साठ वर्षं आग नाही तिथे आता पेटवून द्यायचं का? इथे सावध. इतक्या वर्षांत मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती सुया आणि सालीचा जाड, कुजका थर साचतो आणि झाडाची बारीक मुळं वर त्या थरात शिरतात. वरून आग हलकी दिसते, पण हा थर तासन्‌तास धुमसत राहतो आणि मुळं, सालीखालचा जिवंत भाग शिजवून काढतो. झाड लगेच पडत नाही. वर्ष-दोन वर्षांनी वाळतं. शेकडो वर्षांची, सगळ्या आगींतून तरलेली झाडं अशी गेली आहेत. म्हणून अशा जागी थर ओला असतानाच, थोडा थोडा, अनेक वर्षांत जाळत न्यावा लागतो.

आगीबरोबर चक्रीवादळंही आहेत, आणि त्यांची गोष्ट लाल पट्ट्याच्या सुतारपक्ष्याशिवाय सांगता येत नाही. इंग्रजीत रेड-कॉकेडेड वुडपेकर. बाकी बहुतेक सुतारपक्षी मेलेल्या लाकडात ढोली करतात. हा जिवंत पाइनमध्ये करतो, त्यासाठी त्याला आतून बुरशीनं मऊ झालेलं म्हातारं झाड लागतं, आणि एक ढोली पुरी व्हायला कित्येक वर्षं जातात. भोवती तो भोकं पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप चढत नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो वादळ दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन वनात शिरलं तेव्हा ढोल्यांची सुमारे ८७ टक्के झाडं एका रात्रीत गेली आणि ६० टक्क्यांहून अधिक पक्षी मेले. नवी ढोली करायला वेळच नव्हता. तेव्हा उरलेल्या झाडांत करवतीनं खाचा पाडून लाकडी पेट्या बसवल्या गेल्या, आणि पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या. पुढे हाच उपाय सगळीकडे पसरला. १९७० च्या दशकात या पक्ष्याची सुमारे १,४७० कुटुंबं उरली होती, आता ७,८०० च्या आसपास आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. गंमत म्हणजे त्याच्या मोठ्या वसाहतींपैकी काही लष्करी तळांवर आहेत. तोफांच्या सरावानं तिथलं रान वारंवार पेटत राहिलं, एवढीच त्याची पुण्याई.

शेवटचा भाग: सगळीकडे का नाही? कारण दोन-तीन वर्षांचा आकडा या गवताचा आणि या पाइनचा आहे. त्याच फ्लोरिडाच्या मध्यभागी, पांढऱ्या वाळूच्या उंचवट्यांवर ‘स्क्रब’ नावाची खुरट्या ओकची झुडपं आहेत. तिथल्या स्क्रब-जे पक्ष्याला माणसाच्या उंचीच्या आसपासची झुडपं लागतात. दर दोन वर्षांनी जाळलं तर त्याचं घरच संपेल. तिथलं अंतर बरंच मोठं ठेवतात. शिवाय कोगनग्रास हे आशियातून आलेलं गवत जिथे शिरलंय तिथे ज्वाळा नेहमीपेक्षा उंच आणि तापट होतात, आणि लाँगलीफची रोपंसुद्धा त्यात टिकत नाहीत.

आणि जिथे जाळायलाच हवं तिथेही ते सोपं राहिलेलं नाही. १९९० मध्ये फ्लोरिडानं नियंत्रित आगीसाठी कायदा करून प्रशिक्षित लोकांना संरक्षण दिलं, आणि त्या राज्यात वर्षाला सुमारे २० लाख एकर जाळले जातात. पण जंगलाच्या कडेनं वस्ती आणि महामार्ग वाढले आहेत, धूर तिकडे गेलेला चालत नाही. सकाळी आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्या तपासून, आग लावायच्या टॉर्चमध्ये इंधन भरून लोक तयार उभे असतात. वारा फिरला की त्या दिवसाचं काम रद्द. अशा तुकड्यांची पाळी पुढच्या हंगामावर जाते, आणि दोन वर्षांचं अंतर बघता बघता चारचं होतं.