मित्राच्या घरी, इटलीच्या डोंगरावर

वडोदऱ्याच्या वाचकांकडून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत: इटलीत डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावात मित्रमंडळींकडे दोन-अडीच महिने राहायला जायचंय, काय काय बघून ठेवायचं? बहुतेक पत्रांत मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या ओर्व्हिएतोचं नाव आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

प्रश्न : फाईन आर्ट्सला माझ्याबरोबर असलेली मैत्रीण ओर्व्हिएतोत स्थायिक आहे. ती म्हणते, चांगले चार महिने या. आम्ही नवरा-बायको दोघंही निवृत्त. तिचं पत्र व्हिसाला पुरेल का? बँकेत किती शिल्लक दाखवायची? (दांडिया बाजार)

चार महिने जमणार नाहीत. शेंगेन व्हिसावर, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यात उतरल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. १ एप्रिलला उतरलात तर नव्वदावा दिवस २९ जून. सगळे नव्वद दिवस वापरले तर पुन्हा पाऊल ठेवता येईल ते २८ सप्टेंबरला. मुदतवाढ गंभीर आजारपणासारख्या कारणालाच मिळते. आमचा सल्ला पंचाहत्तर दिवसांचा बेत करण्याचा. विमान रद्द झालं किंवा ताप आला तरी नव्वदच्या मर्यादेला पंधरा दिवस उरतात; मात्र व्हिसावर जेवढे दिवस लिहिलेले असतील तेवढेच राहता येतं.

मैत्रिणीचं पत्र लागतंच, पण तेवढ्यावर भागत नाही. त्या पत्रात तुमची पासपोर्टवरची पूर्ण नावं, पासपोर्ट क्रमांक, तिचा पत्ता, ओळख कशी व किती जुनी, आणि नेमक्या तारखा हव्यात. खाली तिची सही आणि सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत. सर्वाधिक घोळ होतो तो तारखांचा. पत्रात ५ एप्रिल, तिकिटावर ४, विम्यात ६, असं झालं की शंका आलीच. आधी तिकिटाच्या तारखा पक्क्या करा आणि मगच पत्र मागवा.

शिल्लक किती, याचा इटलीच्या गृहखात्याचा तक्ता ठरलेला आहे. वीस दिवसांपेक्षा मोठ्या मुक्कामाला एकट्या माणसासाठी २०६.५८ युरो आणि वर रोजचे २७.८९ युरो. दोघं किंवा अधिक जण असतील तर माणशी ११८.७९ आणि रोजचे १७.०४. म्हणजे पंचाहत्तर दिवसांना तुम्हा दोघांचे मिळून २,७९३.५८ युरो. हा किमान आकडा आहे, म्हणून खात्यात याच्या बरंच वर असू द्या. अर्जाच्या आठवड्यात मुलाने एकदम मोठी रक्कम खात्यात टाकली, की ती उधारीची वाटते. पेन्शन दर महिन्याला जमा होतेय, त्यातून खर्च होतोय, असं रोजच्या वापरातलं खातं जास्त विश्वासाचं ठरतं.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या दिवसांचा. पॉलिसी घेताना रक्तदाब-मधुमेहासारखे आधीपासूनचे आजार वगळले आहेत का, ते वाचाच. साठीच्या पुढच्यांची फसगत होते ती नेमकी तिथे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतल्यानंतरही तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फी मोठ्यांना ९० युरो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, पंधरा दिवसांपर्यंत चालतो. पण शेवटपर्यंत थांबू नका. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही. एप्रिलला जायचं तर जानेवारीतच अहमदाबादच्या केंद्राची वेळ घ्या.

प्रश्न : तिथे पोचल्यावर पोलिसांत जावं लागतं असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं काही नाही. खरं काय? (कारेलीबाग)

दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली यजमानाची. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की ४८ तासांच्या आत लेखी कळवायचं, हा १९९८ च्या स्थलांतर कायद्यातल्या सातव्या कलमाचा नियम. जिथे पोलिसांचं कार्यालय आहे तिथे त्यांना, लहान गावात नगराध्यक्षाच्या कचेरीत. या फॉर्मला ‘कोमुनिकात्सिओने दि ओस्पितालिता’ म्हणतात. सोबत तुमच्या पासपोर्टची आणि यजमानाच्या ओळखपत्राची प्रत लागते. चुकलं तर १६० ते १,१०० युरो दंड आणि तो तुम्हाला नव्हे, तुमच्या मित्राला. कित्येक इटालियनांना हा नियम ठाऊकच नसतो. म्हणून निघण्याआधी तुम्हीच आठवण करा, आणि शुक्रवारी संध्याकाळी पोचणार असाल तर फॉर्म आधी भरून ठेवायला सांगा.

दुसरी नोंद तुमची स्वतःची, ‘दिकियारात्सिओने दि प्रेझेन्झा’. दुबई किंवा दोहामार्गे थेट रोमला उतरलात तर सीमेवरची नोंदच धरली जाते, वेगळं काही करायचं नाही. पण फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात, तर तुमचा शेंगेनप्रवेश तिथेच झाला. मग इटलीत पोचल्यापासून आठ दिवसांत पोलीस मुख्यालयात, म्हणजे ‘क्वेस्तुरा’त, जाऊन ही नोंद करावी लागते. हॉटेलात उतरणाऱ्यांची हॉटेलच करतं, घरी उतरणाऱ्यांची कुणी करत नाही. तिकिटात पाच-सात हजार वाचत असले तरी थेट रोमला उतरवणारं विमान घ्या, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, तेव्हा बोर्डिंग पास फेकू नका. प्रवेशाची तारीख दाखवायला हातात तो कागद असलेला बरा.

प्रश्न : सासूबाई शुद्ध शाकाहारी. सोबत काय नेता येईल आणि तिथे स्वयंपाक कसा जमवायचा? (मांजलपूर)

जे नेता येत नाही ते आधी. दूध आणि मांसापासूनचं काहीही नाही. म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, खवा, सगळं बंद. ताजी फळं-भाज्या आणि रोपं प्रमाणपत्राशिवाय नाहीत. कढीपत्त्याची जुडी आणि तुळशीचं रोप इथेच अडतात. नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियन या पाचांना मात्र सूट आहे, त्यामुळे नारळ खुशाल न्या. गोडा मसाला, हिंग, मेतकूट, पापड, कोरड्या डाळी, लिलो चिवडा हे बंद पाकिटात, वर नाव लिहून. डब्यात सुटी पूड भरून नेली की बॅग उघडून बसावं लागतं.

आता तिथलं. उंब्रिया हा कडधान्याचा मुलूख आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कास्तेल्लुच्च्योची बारीक मसूर भिजवावीही लागत नाही. त्रासिमेनो तळ्याकाठची ‘फाजोलिना’ म्हणजे इवलीशी चवळीच. आपल्या उसळीचा मसाला तिला चपखल बसतो. ‘चिचेर्किया’ म्हणजे आपली लाख. ती रात्रभर भिजवून, पाणी फेकून शिजवायची आणि रोज खायची नाही. सोललेली लाल मसूर सुपरमार्केटात मिळते. ‘फारिना दि चेची’ म्हणजे चण्याचं पीठ, पिठल्याला उत्तम. तूरडाळ लागणारच असेल तर रोमच्या एस्क्विलिनो बाजारात भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत.

पोळ्या हे खरं दुखणं. ‘झिरो झिरो’ लिहिलेलं पीठ म्हणजे मैद्याच्या जवळचं. त्याच्या पोळ्या गार झाल्या की वातड. ‘इंतेग्राले’, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, ३५० ग्रॅम आणि ‘सेमोला रिमाचिनाता’, म्हणजे कठीण गव्हाचा बारीक दळलेला रवा, १५० ग्रॅम असं मिसळा. आपलं जात्याचं पीठ जास्त पाणी पितं. इथल्या सवयीने पाणी ओतलं तर ती कणीक हाताला चिकटते. अर्ध्या किलोला २८० मिलिलिटरपासून सुरुवात करा, थोडं तेल, आणि चाळीस मिनिटं झाकून ठेवा. सेमोला हळूहळू पाणी ओढते, म्हणून हा वेळ कमी करू नका. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की लाटायला घ्या.

बाहेर खाताना ‘मांसाशिवाय’ एवढं सांगून भागत नाही. हॅमचे तुकडे पुष्कळांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. ‘सेंझा कार्ने, सेंझा प्रोश्युत्तो, सेंझा ब्रोदो दि कार्ने’ असं तिन्ही सांगा. रिसोत्तो (तिथला मऊ भात) आणि सूप यांत मांसाचं पाणी, म्हणजे ‘ब्रोदो’, असू शकतं. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. सासूबाईंसाठी ‘काल्यो व्हेजेताले’, म्हणजे वनस्पतीचं रेनेट, असं लिहिलेलं चीज शोधा. ताज्या पास्त्यात अंडं असतं, पण ओर्व्हिएतोचा ‘उंब्रिकेल्ली’ हा जाड शेवयांसारखा पास्ता नुसत्या पीठ-पाण्याचा. टोमॅटो-लसणाच्या रश्श्यात तो मागवा. तिथला पाव मात्र अळणी. तो तसाच असतो, शिळा किंवा बिघडलेला नव्हे. लोणच्याबरोबर छान लागतो.

प्रश्न : वय सत्तर, गुडघे दुखतात. डोंगरावरच्या गावात निभाव लागेल? (सयाजीगंज)

ओर्व्हिएतो त्यासाठी बऱ्यापैकी सोयीचं आहे. ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या मऊ दगडाच्या सपाट माथ्यावर ते वसलंय. एकदा वर पोचलं की मुख्य रस्ते फार चढाचे नाहीत. रोमहून साध्या गाडीने साधारण सव्वा तास. स्टेशनसमोरूनच रुळांवरून दोरीने ओढला जाणारा डबा, फ्युनिक्युलर, दोन-तीन मिनिटांत वर नेतो, आणि तिथून छोटी बस थेट कॅथेड्रलच्या चौकात. पावागढच्या रोपवेसारखं उतरल्यावर पुन्हा पायऱ्या चढणं इथे नाही. दुसऱ्या बाजूला, कांपो देल्ला फिएराच्या वाहनतळापासून, सरकते जिने आणि लिफ्टही आहेत. फ्युनिक्युलर संध्याकाळनंतर लवकर थांबते, तेव्हा रोमहून उशिराची गाडी घेण्याआधी तिची शेवटची फेरी बघा.

खरी अडचण घराची असते. जुन्या दगडी घरांत लिफ्ट नाही, जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि कडेला झिजलेल्या. मैत्रिणीला आधीच विचारा: झोपायची खोली कितव्या मजल्यावर, संडास त्याच मजल्यावर का, कठडा कुठल्या हाताला? सामान एका मोठ्या बॅगेऐवजी बारा-बारा किलोंच्या दोन बॅगांत न्या. फरसबंदीवर छोटी चाकं निखळतात आणि जिन्यावर बॅग उचलावीच लागते. चपलांना रबरी तळ हवा, ओला दगड फार निसरडा.

सान पात्रित्सिओची विहीर बघायचा मोह होईल, आणि व्हावाच. रोमच्या १५२७ च्या लुटीनंतर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला, तेव्हा वेढा पडला तरी पाणी तुटू नये म्हणून ती खोदायला घेतली. खोली ५३ मीटर, २४८ पायऱ्या. अडालजच्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, सरळ खाली उतरतो, तर इथे एकमेकांना न भेटणारे दोन गोल जिने आहेत. खेचरं एकाने उतरायची, पाणी घेऊन दुसऱ्याने चढायची. खेचरांसाठीच्या म्हणून पायऱ्या बुटक्या आणि रुंद, गुडघ्याला त्यातल्या त्यात बऱ्या. पण उतरलात तेवढं चढायचंच आहे.

प्रश्न : मिक्सर, इंडक्शन नेऊ का? (अलकापुरी)

मिक्सर न्या, इंडक्शन नको. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो. मिक्सरची तीन गोल पिनांची वायर बसत नाही. अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या. स्वस्त ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर बरेचदा बिनअर्थिंगचे असतात.

तिथल्या घरांना सहसा ३ किलोवॉटचाच जोड असतो. ३.३ पर्यंत मीटर सहन करतो. इंडक्शन दोन किलोवॉट, पाणी तापवताना वॉशिंग मशीन दोन किलोवॉट, वर पाणी तापवायची टाकी (गीझर), असं एकदम चालू झालं की काही मिनिटांत अख्खं घर अंधारात. मीटर पुष्कळदा तळमजल्याच्या दाराशी असतो. आधी एखादं यंत्र बंद करा, मगच खटका वर करा. नाहीतर पुन्हा पडतो.

प्रश्न : मित्राची गाडी चालवता येईल का? (रावपुरा)

आपल्या लायसन्सबरोबर आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट हवं. ते एक वर्ष चालतं. मित्राच्या विम्यात दुसऱ्या माणसाने चालवणं बसतं का, ते पॉलिसीत पाहा. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची, पाटी आणि कॅमेरा असतो. परवान्याशिवाय आत गेलात तर कुणी अडवत नाही, दंडाची नोटीस मागाहून येते, आणि गाडी मित्राची असेल तर त्याच्याच दारात. चुकून वेगवेगळ्या तीन दिवशी गेलात तर दंड तीन.

प्रश्न : औषधं आणि दवाखाना? (मांडवी)

सगळ्या दिवसांची अधिक पंधरा दिवसांची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिथे कुणी ओळखत नाही. तातडीला ११२.

प्रश्न : पाहुणे म्हणून इतके दिवस राहायचं, तर पैशांचं कसं? मैत्रीण घेणार नाही. (दांडिया बाजार)

भाडं म्हणून काही देऊ नका. भाड्याने घर द्यायचं तर त्याला वेगळा नोंदणी-क्रमांक लागतो, आणि तुमच्या चांगुलपणाने ती अडचणीत येईल. किराणा मात्र तुमच्याकडे घ्या: गुरुवारी आणि शनिवारी पियाझ्झा देल पोपोलोत बाजार भरतो, तिथली भाजी आणि फळं तुम्हीच आणायची, असं पहिल्याच आठवड्यात ठरवा. घरात गॅसची टाकी, म्हणजे ‘बोंबोला’, असेल तर दोन टाक्यांचे पैसे तुमचे. रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकाने ती त्यांच्या सवयीपेक्षा लवकर संपते. दुपारी दोन ते चार मिक्सर लावू नका, शेजारी विश्रांती घेत असतात.

आणि कचरा शिका. ओला, कागद, प्लास्टिक, काच, उरलेला, प्रत्येकाचा वार वेगळा आणि तक्ता नगरपालिकेचा. चुकीची पिशवी उचलत नाहीत, दारातच सोडून जातात, आणि दारावर नाव मैत्रिणीचं असतं. निघायच्या दोन दिवस आधी तो तक्ता बघा आणि शेवटचा स्वयंपाक त्या बेताने करा. ओल्या कचऱ्याची फेरी तुमच्या विमानानंतर असेल तर भाजीची सालं बांधून ठेवा आणि पिशवी कधी बाहेर काढायची ते तिला चिठ्ठीवर लिहून द्या.