कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांसाठी संवादी ऑनलाइन कोर्स कसा तयार करावा?

प्रश्नात तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलंत : ४० शिक्षक, चौथी-पाचवीचे अपूर्णांक, सहा आठवडे, मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) बसवून तयार, आणि सगळ्यांच्या हातात फक्त फोन. कोर्स 'संवादी' व्हायला त्यात काय काय घालावं, असं विचारलंय. आधी काय घालू नये ते सांगतो. गोल फिरणारी कार्डं, पान उलटल्याचा आवाज, दर स्लाइडला 'पुढे' हे बटण. यात दाबणं होतं, संवाद होत नाही. शिक्षकाला काहीतरी ठरवायला लागलं पाहिजे, ते वर्गात करून बघायला लागलं पाहिजे आणि परत येऊन काय झालं ते सांगायला लागलं पाहिजे.

म्हणून सुरुवात व्हिडिओपासून करू नका, एका चुकीपासून करा. मुलाच्या वहीचा फोटो घ्या : १/२ + १/३ = २/५. वरचे वर, खालचे खाली, सरळ बेरीज. खाली विचारा, 'आता तुम्ही काय कराल?' पर्याय तीन. एक, फळ्यावर छेद समान करायची रीत पुन्हा दाखवणार. दोन, अर्धी भाकरी आणि भाकरीचा तिसरा हिस्सा कागदावर कापायला सांगणार. तीन, मुलालाच विचारणार, 'अर्ध्या भाकरीत आणखी घातली, आणि झाली अर्ध्यापेक्षा कमी?' (२/५ हे अर्ध्याहून कमी आहे, हे पुष्कळदा आपल्याही पटकन ध्यानात येत नाही.) पहिला पर्याय निवडणाऱ्याला 'चूक' अशी लाल फुली दाखवू नका. दुसऱ्या दिवशीची वही दाखवा : कालचं गणित बरोबर, आणि खाली १/४ + १/५ = २/९. फुली बघून शिक्षक पुढे जातो, ही वही बघून थांबतो. चुकीचा पर्याय असा हवा की चांगला शिक्षकही तो निवडेल. कुणीच निवडणार नाही असा पर्याय ठेवलात तर प्रश्न वाया गेला.

अशी फाटे फुटणारी गोष्ट लिहिताना हिशेब हाताबाहेर जातो. दर वळणावर ३ पर्याय आणि ३ वळणं म्हटली की २७ टोकं होतात. म्हणून प्रत्येक परिणामानंतर वाटा पुन्हा एका प्रश्नावर आणून जोडा आणि शेवटची टोकं चार-पाचच ठेवा. आधी कागदावर काढा, मग गूगल फॉर्ममध्ये बसवा. तिथं 'उत्तरानुसार विभागाकडे जा' ही सोय आहे. ती एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला चालते, अनेक पर्यायांवर खूण करायच्या प्रश्नाला चालत नाही. पाच शिक्षकांना तो फॉर्म देऊन बघा, अडखळतील तिथं वाक्य बदला, आणि मगच एच-५-पी (मूडलमध्ये संवादी प्रश्न-व्हिडिओ बनवायचं साधन) मधल्या 'ब्रँचिंग सिनॅरिओ' या फाटे फुटणाऱ्या प्रकारात चढवा. शेवटच्या प्रत्येक टोकाला गुण द्यायला विसरू नका. गुणच नसले तर 'गुण मिळाले म्हणजे पूर्ण' ही मूडलची अट कधी पुरी होत नाही, आणि चाळीस जण 'माझं पूर्ण दाखवत नाही की' म्हणून फोन करतात.

अशा २० मिनिटांच्या एका घटकाच्या तयारीला पहिल्या खेपेस १५ ते २० तास धरा. सहा आठवड्यांना सहा घटक पुरे.

आता नेटवर्क. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात रेंजचा आणि विजेचा भरवसा धरू नका. कोर्स डाउनलोड करून चालला पाहिजे. मूडलच्या फोन अॅपमध्ये हे जमतं, पण व्हिडिओ यूट्यूबच्या लिंकने जोडलेला असेल तर तो भाग ऑफलाइन बंद पडतो. त्यामुळे एमपी-४ फाइलच एच-५-पी मध्ये घाला. ५ मिनिटांचा व्हिडिओ ४८० पी, ५०० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) चित्र आणि ६४ केबीपीएस आवाज असा केला तर साधारण २१ एमबी होतो. तोच ७२० पी आणि १५०० केबीपीएस ठेवला तर ५९ एमबीच्या घरात जातो, आणि पाटीवरचं अक्षर दोन्हीत सारखंच वाचता येतं. फाइल चढत नसेल तर सर्व्हरवर मूडल ज्या पीएचपी भाषेत चालतं तिची फाइल चढवायची मर्यादा बघा. ती मुळात २ एमबी असते. एका खेपेत एकूण किती पाठवता येतं ती (पोस्टची) मर्यादा वेगळी असते, तीही वाढवावी लागते. चित्रीकरणात मुलांचे चेहरे नकोत. हात, पाटी आणि आवाज पुरतो, आणि परवानगीचा घोळही टळतो. पत्र्याच्या वर्गात पावसात रेकॉर्डिंग करू नका, एवढं सांगून पुढे जातो.

टाइप करायचे प्रश्न मराठीत घातकी ठरतात. 'दुसऱ्या' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त लावून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. त्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि ३ की 3 हा गोंधळ. उत्तर बरोबर असूनही शून्य मिळालं की शिक्षकाचा कोर्सवरचा विश्वास उडतो. त्यामुळे गुण द्यायचे प्रश्न निवडीचेच ठेवा. ओढून ठेवायचे प्रश्नही छोट्या स्क्रीनवर बोटाखाली झाकले जातात, तेव्हा तीन-चार तुकड्यांपलीकडे जाऊ नका. जुना मजकूर श्री-लिपी किंवा नुडी अशा जुन्या फॉन्ट-पद्धतीत असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

वर्गात करून बघितलेलं सांगायला मूडलमधला 'प्रश्न आणि उत्तर' प्रकारचा फोरम लावा. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही, म्हणून नक्कल होत नाही. एक गोम आहे : टाकल्यावर दुरुस्तीची मुदत, मुळात ३० मिनिटं, संपेपर्यंत इतरांची उत्तरं दिसत नाहीत. हे आधीच लिहून ठेवा. गट क्लस्टरप्रमाणे (जवळपासच्या शाळांचा समूह), सहा ते आठ जणांचे करा. सीआरपी (क्लस्टरमधल्या शाळांना मार्गदर्शन करणारे) त्याच गटात असले तर बरं, पण गुण देण्याचं काम त्यांच्याकडे नको. नाहीतर सगळे छान-छान लिहितात.

पानांचे आकडे आणि धड्यांचा क्रम कर्नाटकच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकातले घ्या, बालभारतीचे नव्हेत. एक छोटा शब्दकोशही जोडा, कारण वरून येणारं साहित्य कन्नडमध्ये असतं. तिथं अपूर्णांकाला 'भिन्नराशी' म्हणतात. अंश आणि छेद मात्र दोन्हीकडे तेच. पोरांच्या तोंडी चतकोर, पाव, पाऊण असतंच, ते १/४ आणि ३/४ शेजारी मांडा. वेळापत्रक पुण्याच्या दिवाळीवर बेतू नका. इकडे ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी असते, त्या आठवड्यांत वर्गात करायचं काम दिलं तर वर्गच नसतो.

राहिलं प्रमाणपत्र. मूडल ज्या साधनाने पीडीएफ बनवतं ते देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवत नाही. वेलांटी भलतीकडे जाते, 'प्र' फुटतो. ठरावीक मराठी मजकूर पार्श्वचित्र म्हणून घाला. नावं मराठीतच हवी असतील तर यादी काढून मेल मर्जने (यादीतलं एकेक नाव एकाच नमुन्यात आपोआप भरायची सोय) वेगळी छापा. ४० प्रमाणपत्रांना अर्धा दिवस पुरतो, फक्त नावांची शुद्ध अक्षरं पहिल्याच आठवड्यात लिहून मागवा.